मोडशीची हकीकत

दिवाळीचा फराळ पहिल्या दिवशी पाहुण्यांचा, दुसऱ्या दिवशी मुलांचा आणि चौथ्या दिवशी वैद्याचा, असे आमच्या काशीदच्या घरी थट्टेने म्हणत. नरकचतुर्दशीच्या पहाटे सुरू झालेला तोंडाचा पट्टा भाऊबीजेपर्यंत चाले. चकली, कडबोळी, अनारसा, मधूनच चिवड्याची मूठ. आणि मग भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्हा भावंडांपैकी कोणीतरी पोट धरून ओटीवर बसलेले दिसे. आजी एकवार त्याच्या कपाळाला हात लावी, पोट चाचपून पाही आणि आत वळून सांगे, "मोडशी झालीय हो पोराला. आज त्याला भात नको, पेज टाका." जुन्या तांदळाची मऊ पेज, वर मिठाचा खडा आणि भाजून चुरडलेले जिरे. दुसऱ्या दिवशी पोरगे पुन्हा फराळाच्या डब्याभोवती घुटमळू लागे.

मोडशी या शब्दाला आमच्या घरी इतकीच किंमत होती. अपचन, करपट ढेकर, दोन-तीन वेळा परसाकडे जाणे, बस्स. ज्या शब्दाच्या नावाने एके काळी गोव्यातल्या गव्हर्नराची झोप उडाली होती, तोच हा शब्द, हे मला फार उशिरा कळले. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण हा इतिहास पुस्तकातून शिकण्याआधी तो माझ्या घरात घडून गेला होता. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे. दिवाळीच्या अंकात पोटाचा विषय काढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. फराळाचे ताट समोर असताना पोटाइतका प्रसंगोचित विषय दुसरा कोणता?

काशीदहून उत्तरेला रेवदंड्याच्या वाटेने निघाले की कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईचा डोंगरी किल्ला समुद्रात शिरलेला दिसतो. पलीकडच्या तीरावर रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट. त्याच्या मागे चौल, एके काळचे निजामशाहीचे भरभराटीचे बंदर. पोर्तुगिजांनी रेवदंड्याला १५२१ पासून ठाणे बांधले आणि १५९४ मध्ये कोर्लईही घेतली. त्यांची सत्ता कधीच लयाला गेली. पण कोर्लईच्या पायथ्याच्या गावात अजूनही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक बोली घराघरांतून बोलली जाते. लहानपणी ती कानावर पडली की आम्हांला मौज वाटे. आपलेही काही शब्द याच वाटेने उलट प्रवासाला गेले असतील, ही कल्पना मात्र तेव्हा नव्हती.

मोडशी हा शब्द तसा गेला. १५४३ साली गोव्यात एक भयंकर साथ आली. गास्पार कोर्रेया नावाचा पोर्तुगीज बखरकार तेव्हा तेथे होता. या रोगाला येथील लोक 'मोरिशी' म्हणतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. पोटात एकाएकी कळ उठे, ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होत, हातापायांत गोळे येत, डोळे खोल जात, नखे काळीनिळी पडत, आणि सकाळी चालता-बोलता माणूस रात्र पाहत नसे. शंभरांतले दहाही वाचत नसत, असे तो म्हणतो. मार्तिम आफोन्सो द सोझा हा तेव्हा गव्हर्नर होता. त्याच्या हुकमावरून एका मृताचे पोट फाडून पाहण्यात आले. आत काय दिसले? कोर्रेयाच्या सांगण्याप्रमाणे सगळे ठीक होते; फक्त जठर आक्रसून कोंबडीच्या पोटातल्या, दाणे दळणाऱ्या लहानशा पिशवीएवढे झाले होते आणि विस्तवात होरपळलेल्या चामड्यासारखे सुरकुतले होते.

बिचाऱ्या वैद्यांनी जे होते ते पाहिले. जे निघून गेले होते ते त्यांना कसे दिसावे? सुरी चालवून आतडे दिसते, पण त्यातून वाहून गेलेले पाणी दिसत नाही. ही चूक पुढे तीनशे वर्षे झाली, म्हणून ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच गव्हर्नराबरोबर, तो गव्हर्नर होण्याच्या आधी १५३४ मध्ये, एक वैद्य गोव्यास आला होता. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. हा मोठा विलक्षण गृहस्थ. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला औषध देण्याइतकी त्याची तिकडे वट होती. मुंबईचे बेटही काही वर्षे त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापून निघालेला त्याचा ग्रंथ म्हणजे हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचे संवाद. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या पहिल्या काही पुस्तकांपैकी हे एक. तो मूळच्या ज्यू घराण्यातला; त्यामुळे मृत्यूनंतरही इन्क्विझिशनने त्याला सोडले नाही. १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. पुस्तक मात्र राहिले.

त्या पुस्तकात ओर्ता मोडशीचे वर्णन करतो. नाडी इतकी मंद की हाताला लागत नाही. अंग गार, घामही गार. रोगी मात्र आत आग झाल्याची आणि जाळणाऱ्या तहानेची तक्रार करतो. येथील लोक रोगाला 'मोर्शी' म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज बिघडवून 'मोर्देशी' म्हणतो, असेही तो प्रांजळपणे सांगतो. पुढे फ्रेंचांनी त्याच शब्दाचे 'मोर-द-श्यें' केले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ कुत्र्याचे मरण! 'कुत्र्याच्या मौतीने मरणे' हा आपलाही वाक्प्रचार आहे, आणि त्या रोगाचे मरण पाहता फ्रेंचांचा घोटाळा अगदीच चुकला असे म्हणवत नाही. युल आणि बर्नेल या इंग्रज पंडितांनी १८८६ च्या आपल्या प्रसिद्ध शब्दकोशात मात्र त्याचा माग काढत तो मराठी 'मोडणे' या धातूपाशी आणून सोडला. माणूस उभ्याने मोडून पडतो, म्हणून मोडशी.

ओर्ताच्या पानावरची एक ओळ मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. येथील लोक या रोगावर काय देतात हे सांगताना तो म्हणतो की ते रोग्याला तांदळाचे पाणी पाजतात, त्यात मिरी आणि जिरे घालतात आणि त्याला 'कांजी' म्हणतात. म्हणजे आमच्या आजीची पेज! साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर भयंकर मोडशीच्या रोग्याला ती पाजत असत. मग आमच्या घरी त्या रात्री ती का पाजली गेली नाही?

ती रात्र सांगण्यापूर्वी पोटाचा नकाशा थोडा समजून घेतला पाहिजे.

आपल्या जुन्या वैद्यांनी अन्नमार्गाचा विचार बारकाईने केला होता. आमाशय, ग्रहणी, पक्वाशय ही नावे त्यांचीच. अन्न शिजवणारा तो जठराग्नी, आणि त्या अग्नीचे घर ग्रहणी, असे चरकसंहिता मानते. सुश्रुताने अजीर्णातून उद्भवणारे तीन रोग सांगितले : विसूचिका, अलसक आणि विलंबिका. सुया टोचल्यासारखी वेदना होते म्हणून विसूचिका. चूल विझली, अन्न कच्चे राहिले, म्हणून पोट बिघडले, हा विचार सोपा आणि घरच्या अनुभवाशी जुळणारा होता. मोडशीचा अर्थ पुढे अपचन एवढाच उरला, यात म्हणूनच नवल नाही.

पोटातली चूल म्हणजे नक्की काय, हे पाहण्याची खिडकी माणसाला अपघाताने मिळाली. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर एका तरुण कॅनेडियन मजुराच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक बुजले नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या विल्यम बोमाँट या डॉक्टराने पुढे काही वर्षे त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे, भाकरी, कोबी आत सोडून ते किती वेळात विरघळतात हे पाहिले आणि १८३३ मध्ये सारे प्रसिद्ध केले. रस बाहेर काढून बाटलीत घालून ऊब दिली तरी मांस विरघळते, हे त्याने दाखवले. विस्तव नाही, तर रस आहे. त्यात तीव्र आम्ल आहे. श्वानने १८३६ मध्ये त्या रसातले पेप्सिन शोधले. पुढे स्वादुपिंडाचा रस, यकृतातून येणारे पित्त, यांची कामे एकामागून एक उलगडत गेली.

सारांशाने सांगायचे तर घास दातांखाली दळला जातो, लाळेत भिजतो आणि वीतभर लांबीच्या अन्ननलिकेतून जठरात उतरतो. तेथे दोन-चार तास तो घुसळला जातो. मग थोडाथोडा लहान आतड्यात सरकतो. खरी पंगत येथे बसते. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येथेच मिळतो, आणि आतड्याच्या आतल्या अस्तरावरची लाखो बारीक बोटे पचलेले अन्न शोषून रक्तात पोहोचवतात. उरलेला चोथा मोठ्या आतड्यात जातो आणि तेथे आटतो.

पण या सगळ्यात पाण्याचा हिशेब कोणी मांडत नाही, आणि खरे रहस्य तेथेच आहे. आपण दिवसाला दोनएक लिटर पाणी पितो. परंतु लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून शरीर स्वतःचेच आणखी सहा-सात लिटर पाणी या मार्गात ओतते. एवढ्यापैकी शौचावाटे बाहेर जाते ते जेमतेम पाव शेर. बाकीचे सगळे आतडी परत घेतात. आमच्या किनाऱ्यावर खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला ती उघडून शेतातले पाणी बाहेर जाते, भरतीला मिटते. ती उघडी अडकून राहिली तर एका रात्रीत शेताचे काय होते, हे खारवाल्याला विचारावे. पोटातही अशीच उघाडी आहे. पटकीचे विष ती उघडी अडकवून ठेवते. मग अंगातले पाणी आणि मीठ आतड्यात धो धो वाहू लागते. मोठ्या माणसाचे तासाला लिटरभरसुद्धा जाते. तेवढे गेले की रक्त दाट होते, नाडी हरवते. रोगी अपचनाने मरत नाही; तो तहानेने मरतो.

आता ती रात्र.

१९५६ च्या श्रावणातली गोष्ट. मी नऊ वर्षांचा, धाकटी बहीण चार वर्षांची. आठवडाभर पाऊस लागला होता, विहिरीचे पाणी गढूळ होऊन काठाला आले होते. दुपारी तिला जुलाब सुरू झाले. आजीने सुंठ उगाळून चाटवली. दिवेलागणीपर्यंत तांदळाच्या धुवणासारखे पाणी जाऊ लागले आणि आजीचा चेहरा बदलला. साध्या मोडशीला पेज. पण पटकीचा संशय आला की तोंडातून काही म्हणता काही जाऊ द्यायचे नाही, हा तिचा नियम. "देऊ नको गो तिला पाणी," ती आईला म्हणाली, "वरून घातलेस की खालून दुप्पट जाते. आतडी सैल झालीत, त्यांना विसावा हवा." वडील डॉक्टरला आणायला रेवदंड्याकडे निघाले. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. तर होती, आणि त्या वाऱ्यात तरीवाला होडी लोटायला तयार होईना.

आई आणि आजी आळीपाळीने फडकी बदलत होत्या. मला बहिणीच्या उशाशी बसवले होते आणि सांगितले होते, ती कितीही रडली तरी पाणी द्यायचे नाही. ती रडली. "दादा, पाणी," एवढेच म्हणत राहिली. पाण्याचा तांब्या कोनाड्यात, माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी एकदा बोट बुडवून तिच्या ओठांवर फिरवले. तेही आजीने पाहू नये अशा बेताने. पुढे तिने मागायचेही सोडले. मला वाटले, बरे वाटू लागले असावे. वडील पहाटे डॉक्टरांना घेऊन आले, तेव्हा घरात कोणी बोलत नव्हते.

ती पटकी होती की दुसरे काही, हे कोणी तपासले नाही. आमच्या घरी त्यानंतर भाऊबीज होत असे, पण मला ओवाळायला चुलत बहीण येई आणि आजी त्या वेळी परसात काहीतरी काम काढून जाई.

आजीला दोष देणे सोपे होते आणि मी तो पुष्कळ वर्षे मनातल्या मनात दिला. इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले की ती एकटी नव्हती. १८१७ मध्ये बंगालातून उठलेली पटकीची साथ १८१८ साली पुण्या-मुंबईपर्यंत आली आणि पुढे साऱ्या जगात गेली. युरोपातल्या नामांकित डॉक्टरांनी तिच्यावर काय केले? शिरा तोडून रक्त काढले, पाऱ्याची औषधे दिली, रेचके दिली आणि अनेकांनी पाणी तोडले. त्याही आधी सतराव्या शतकात गोव्यात राहिलेल्या देलों नावाच्या फ्रेंच वैद्याने टाचेला तापल्या लोखंडाचा डाग देण्याचा उपाय नोंदवला आहे. माझ्या निरक्षर आजीची चूक आणि लंडन-पॅरिसच्या पंडितांची चूक एकच होती. बाहेर जाते आहे ते दिसत होते. म्हणून सगळ्यांनी दार बंद करण्याची खटपट केली. आत भरण्याचे कोणाला सुचले नाही.

ज्यांना सुचले त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही. १८३१-३२ मध्ये ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टराने पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासून त्यातील पाणी आणि क्षार गेल्याचे दाखवले. हाच गृहस्थ पुढे हिंदुस्थानात येऊन तारायंत्राचा जनक ठरला. त्याचे वाचून स्कॉटलंडमधील टॉमस लाटा याने १८३२ मध्ये रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. मेल्यात जमा झालेली माणसे उठून बसली. पण साथ ओसरली आणि उपायही विसरला गेला. जॉन स्नोने १८५४ मध्ये लंडनच्या एका पंपाचा दांडा काढायला लावून रोग पाण्यातून येतो हे पटवले. कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात स्वल्पविरामासारखा जंतू दाखवला. ज्याच्या नावाची संस्था परळला आहे, त्या हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार करण्यापूर्वी पटकीचीच लस केली होती. तरीही आतड्यात नेमके काय होते हे १९५९ पर्यंत उलगडले नाही. त्या वर्षी कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी जंतूशिवाय नुसत्या त्याच्या विषानेही आतड्यात पाणी भरते हे सिद्ध केले. माझ्या बहिणीला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

पुढच्याच वर्षी रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने प्रागच्या सभेत आतड्याच्या अस्तरातल्या दुसऱ्या एका दाराची कल्पना मांडली. साखर आणि मीठ जोडीने आली तरच हे दार उघडते, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणीही आत शिरते. पुढे ध्यानात आले ते असे की पटकीचे विष उघाडी अडकवते, पण या दाराला हात लावत नाही! नुसते पाणी पाजले तर फारसे टिकत नाही; साखर-मिठाचे पाणी पाजले तर आत राहते. १९६८ मध्ये ढाक्क्याला रोग्यांवर याचा पडताळा आला. १९७१ च्या बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात साखर-मिठाचे पाणी कालवून ते नातेवाइकांकडून रोग्यांना पाजवले. शंभरात तीस मरत होते, ते चारांच्याही खाली आले. आणि तांदळाच्या पिठाचे मीठ घातलेले पाणी? त्याचेही प्रयोग पुढे झाले. पटकीत ते साखरेच्या पाण्याइतकेच, किंबहुना काकणभर सरस ठरले. कारण तांदूळ पचला की त्याचीच साखर होते, आणि ती हळूहळू सुटते. १५६३ च्या त्या ओळीला चारशे वर्षांनी साक्षीदार मिळाला.

१९८४ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या मुलीला तसेच जुलाब झाले. आजी तेव्हा नव्वदीला टेकली होती. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी जलसंजीवनीच्या पुड्या दिल्या आणि रात्रभर चमच्याचमच्याने पाजायला सांगितले. मी पाजत बसलो. आजी भिंतीला टेकून पाहत होती. एकदाही "नको" म्हणाली नाही. पहाटे मुलीने डोळे उघडून लाडू मागितला. मग आजीने विचारले,

"त्या पुडीत काय असते रे?"

"साखर, मीठ आणि थोडे क्षार."

"एवढेच?"

"एवढेच, आजी."

ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर उठून, भिंत धरत स्वयंपाकघरात गेली आणि स्वतःच्या हाताने पेज टाकली. ती मुलीसाठी होती. पण तिने दोन वाट्या भरल्या. एक मुलीपुढे ठेवली आणि एक कोनाड्यात, जेथे पूर्वी पाण्याचा तांब्या असे तेथे. मी काही विचारले नाही. माझ्या मनातला दोष त्या दिवशी संपला. तिचा तिच्या मनातला संपला की नाही, ते तिलाच ठाऊक.

आता माझेही वय अठ्ठ्याहत्तर. काशीदचे घर दिवाळीपुरते उघडते, नातवंडे येतात, फराळाचा फडशा पडतो आणि चौथ्या दिवशी कोणीतरी ओटीवर पोट धरून बसतेच. मी नातसुनेला सांगतो, पेज टाका. आणि प्रत्येक घराला ठाऊक असावे म्हणून येथेही लिहून ठेवतो. लिटरभर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मिठाचे माप वाढू देऊ नये. हे थोडे थोडे पाजत राहावे, ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे, आणि डॉक्टरला बोलवायला उशीर करू नये. मूल अंगावर पीत असेल तर तेही तोडू नये.

मागणाऱ्याला पाणी द्यावे. इतिहासाच्या शिक्षकाने एवढ्या लांबून फिरून शेवटी एवढेच सांगावे, याचे हसू येईल. पण हे कळायला जगाला चारशे वर्षे लागली, आणि मला एक भाऊबीज.